तुमचा वार कंचा?

“बाई, तुमच्या देवाचा वार कंचा?”

वेल्ह्याला बदली होऊन आले त्या पहिल्याच पावसाळ्यात शेजारच्या आजींनी मला हे विचारलं. त्या पडवीत ओलं लुगडं वाळत घालत होत्या, मी शाळेतून भिजून आले होते. त्यांच्या दृष्टीने प्रश्न अगदी साधा होता. सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मग शाळेवर आलेल्या नव्या ख्रिस्ती बाईच्या देवालाही एखादा वार असणारच. मी म्हटलं, “रविवार.” “म्हंजी खंडोबाचाच की!” त्या समाधानानं म्हणाल्या आणि लुगड्याचं दुसरं टोक ओढता ओढता पुढचा प्रश्न आला, “आन देऊळ कुठं हाय?”

पहिल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता आलं, दुसऱ्याला नाही. मी पुण्याचं नाव सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, “एवढ्या लांब? मग पावसात काय करता?”

पुढची पानं या तीन प्रश्नांमुळे लिहिली गेली. ख्रिस्ती माणसं उपासनेला कधी जमतात, कुठे जमतात आणि जमता येत नाही तेव्हा काय करतात? वार कोणता, वेळ कोणती, जागा कोणती? माझ्या माहेरी नगर जिल्ह्यात या गोष्टी कुणी कुणाला विचारत नसे. रविवारी घंटा व्हायची, डोक्यावर पदर घेऊन आई निघायची, आम्ही तिच्या मागे. जुनी माणसं ‘उपासनेला’ म्हणत नसत, ‘भक्तीला’ म्हणत. चपला बाहेर, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे पेटी आणि तबला. हे असंच का, आणि याच वेळी का, हा विचार मनात आला तो वेल्ह्यात, जिथे मला घंटा ऐकू येत नाही.

वेल्हे तोरण्याच्या पायथ्याशी आहे. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे, तरी माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच. पुणं इथून साठेक किलोमीटर. नसरापूरपाशी महामार्ग लागतो, मग कात्रज, मग स्वारगेट. रविवारी सकाळी मी एसटीने पुण्याकडे निघते तेव्हा समोरून पाठपिशव्या लावलेली पुण्याची मुलंमुली मोटारसायकलींवरून तोरण्याकडे, राजगडाकडे येत असतात. त्यांनाही रविवारच मोकळा सापडतो, मलाही. मात्र आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत डोंगर दिसेनासा होतो, खाचरं तुडुंब भरतात, रस्त्याचा भरवसा राहत नाही. तेव्हा आमच्या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली जाते, नवरा कोपऱ्यातली पेटी पुढे ओढतो आणि जे कुणी असू ते गायला बसतो. कधी चौघं असतो, कधी दोघंच.

बरीच वर्षं मला वाटत असे की पुण्यातली उपासना खरी आणि घरातली ही तिची भरपाई. आता तसं वाटत नाही. का वाटत नाही ते सांगण्यासाठीच ही प्रस्तावना लांबली आहे.

आधी वाराचं पाहू. येशू यहुदी होता. त्याचे पहिले शिष्यही यहुदी होते आणि त्यांचा पवित्र दिवस शनिवार, म्हणजे शब्बाथ. मराठी माणसाला शब्बाथ परका नाही. कोकणातले बेने इस्राएल तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगावी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पुण्याच्या लष्कर भागात डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं, १८६७ साली पुरं झालेलं यहुद्यांचं प्रार्थनामंदिर आहे. पुणेकर त्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात. शब्बाथ संपल्यावर, आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे कबर रिकामी सापडली, असं शुभवर्तमानं सांगतात. तोच दिवस शिष्यांनी ‘प्रभूचा दिवस’ म्हणून धरला. म्हणजे ख्रिस्ती रविवार मुळात विश्रांतीचा दिवस नव्हता. तो आठवणीचा दिवस होता. सुटी त्याला फार नंतर चिकटली.

हा फरक लहान वाटतो, पण पुढचं सारं त्यावर उभं आहे. पहिल्या तीनशे वर्षांत रोमच्या साम्राज्यात रविवार कामाचा दिवस होता. मंडळीत गुलाम होते, मजूर होते, विणकर होते. दिवस धन्याचा असे. त्यांच्या हातात दोनच वेळा उरत, कामाला जाण्याआधीची पहाट आणि काम संपल्यावरची रात्र. सुमारे ११२ साली बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायान याला पत्र लिहिलं. त्यात तो कळवतो की हे लोक एका ठरावीक दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. दुसरी वेळ ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात दिसते. त्रोवस गावी आठवड्याच्या पहिल्या दिवशी माडीवर मंडळी जमली आहे, पुष्कळ दिवे लावले आहेत, पौल मध्यरात्रीपर्यंत बोलतो आहे. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या पेंगतो आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्ही हसायचो, आणि पाळक ती प्रवचनात झोपणाऱ्यांना उद्देशून सांगायचे. आज मला त्या पोराची कणव येते. दिवसभर राबून तो रात्री उपासनेला आला असेल. आवणीच्या दिवसांत माझ्या वर्गातली आईबापांबरोबर खाचरात उतरलेली मुलं बाकावर अशीच पेंगतात.

इसवी सन ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टन्टाइनने रविवारी न्यायालयं आणि शहरातले कामधंदे बंद ठेवण्याचा हुकूम काढला. त्या हुकमात शेतकऱ्यांना मोकळीक होती. पेरणीची किंवा द्राक्षवेल लावण्याची नेमकी वेळ पुष्कळदा त्याच दिवशी येते आणि ती हुकली तर देवाने दिलेलं धान्य हातचं जातं, असं त्यात कारण दिलं आहे. हे वाचलं तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या खाचरात गुडघाभर चिखलात बायका वाकून रोपं लावत होत्या. रविवारच होता.

मराठी मुलखात रविवारची सुटी मिळाली तीही अशीच कष्टकऱ्यांच्या बाजूने. सरकारी कचेऱ्या इंग्रजांनी रविवारी बंद ठेवल्या, पण मुंबईच्या गिरण्यांतल्या मजुराला त्याचा उपयोग नव्हता. त्याला सुटी मिळवून दिली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने. मालकांनी ती मान्य केल्याची तारीख १० जून १८९० अशी सांगितली जाते. रविवार हा खंडोबाचा वार, हेही एक कारण त्या मागणीच्या पाठीशी होतं. तेव्हा आमच्या आजी “खंडोबाचाच की” म्हणाल्या ते वरवरचं नव्हतं. जेजुरीला भंडारा उधळणारा माणूस आणि पुण्याच्या पंचहौद चर्चमध्ये गुडघे टेकणारा माणूस, दोघांनाही आज जो मोकळा रविवार मिळतो, तो त्याच लढ्याचा आहे. माझ्या समाजातल्या पुष्कळांना लोखंड्यांचं नाव ठाऊक नसतं. ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सगळेच ख्रिस्ती रविवार पाळत नाहीत, हेही इथे नोंदवते. पुण्यात औंध भागात १९४२ पासून असलेलं स्पायसर महाविद्यालय आता विद्यापीठ झालं आहे. ते चालवणारा सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ शनिवारच पाळतो, शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत. एकाच शहरात शुक्रवारी नमाज, शनिवारी लाल देवळात शब्बाथ आणि स्पायसरला उपासना, रविवारी चर्चच्या घंटा. ज्या शहराने पेठांनाच वारांची नावं दिली, तिथे यात कुणाला नवल वाटू नये.

आता वेळ. रविवारी सकाळीच का, हे मला पुष्कळांनी विचारलं आहे. पुनरुत्थान पहाटे झालं, हे उत्तर खरं आहे, पण पुरं नाही. कॅथलिक परंपरेत ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी मध्यरात्रीपासून निर्जळी उपवास असे. उपाशी माणसाला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवता येत नाही, म्हणून मिस्सा सकाळी, आणि दुपारनंतर मिस्सा नाहीच, असा नियम शतकानुशतकं चालला. १९५३ मध्ये पोप पायस बारावे यांनी उपवासाचा नियम सैल केला आणि संध्याकाळच्या मिस्साला वाट मोकळी झाली. पाळीत काम करणारे कामगार, परिचारिका, रेल्वेची माणसं यांना त्याचा केवढा आधार झाला असेल! आज शनिवारी संध्याकाळच्या मिस्सालाही रविवारचंच मोल असतं. त्यामागे जुना यहुदी हिशेब आहे, दिवस मावळतीला सुरू होतो. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग आमची एकादस बी दशमीच्या रातीलाच धरत्यात की.”

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वेळेचं गणित निराळं झालं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, ठाणं केलं. तिथून खेडोपाडी मंडळ्या झाल्या, त्या मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांत. या माणसांना दिवसाची वेळ आपली म्हणता येत नव्हती. गावकीची कामं, सरपण, निरोप पोचवणं, दुसऱ्याच्या रानातली मजुरी. मग उपासना दिवेलागणीनंतर. पुढे एका पाळकाकडे चार-पाच गावं आली की एका गावची उपासना सकाळी, दुसऱ्याची दुपारी, तिसऱ्याची रात्री. ज्या गावचा आठवडी बाजार रविवारी भरे तिथे बाजार उठल्यावर. इंग्लंड-अमेरिकेतल्या घड्याळाचे ठोके इथे आणता आले नाहीत आणि आणायची गरजही पडली नाही. रात्रीच्या कीर्तनाची सवय मुलखाला होतीच. ख्रिस्ती कीर्तन याच रात्रीच्या वेळेत रुजलं.

नारायण वामन टिळकांचा इथे थांबून उल्लेख करायला हवा. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि मराठी ख्रिस्ती माणूस उपासनेत काय गातो, कसा बसतो, हे त्यांच्यामुळे बदललं. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या गीतांच्या जागी अभंग, ओव्या, पदं आली, टाळ-मृदंग आले, जमिनीवरची बैठक आली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला राहिले आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना त्यांनी मांडली. पंथांच्या भिंती नसलेली, दार सर्वांना उघडं असलेली ती भक्तमंडळी होती. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार त्यांच्या मनात होता तसा उभा राहिला नाही. पण सतरंजीवर बसून, पेटीच्या सुरात, रात्री नऊ वाजता होणारी घरची प्रार्थना आजही त्या दरबारासारखीच असते. हे मी बाहेरून पाहून सांगत नाही, मी तिथे बसते.

जागेच्या प्रश्नाला आता येते. आजींचं “देऊळ कुठं?” वसईच्या ख्रिस्ती माणसाला मुळीच वावगं वाटणार नाही. तिथे चर्चला देऊळच म्हणतात. गोव्यात इगर्ज म्हणतात. पुण्यात गुरुवार पेठेतल्या चर्चचं मराठी नावच ‘पवित्र नाम देवालय’ आहे. लोक त्याला पंचहौद म्हणून ओळखतात. १८८५ साली बांधलेलं हे चर्च, आणि त्याच्या शेजारी वेगळा उभा असलेला विटांचा उंच घंटामनोरा. पेठेच्या वाड्यांमधून चालत आलं की तो एकदम समोर येतो. १८९० साली याच पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळी चहा प्याली म्हणून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, झालं. त्या कपबशांची आठवण पुण्याने जपली, पण तिथल्या पहाटेच्या घंटेविषयी मराठीत फारसं कुणी लिहिलं नाही.

त्याहून जुनी जागा क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोव्याकडचे ख्रिस्ती अधिकारी आणि शिपाई होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी जमीन दिली आणि १७९२ मध्ये तिथे चर्च झालं. म्हणजे पुण्यातलं पहिलं चर्च इंग्रजांच्या राज्यात उभं राहिलं नाही, ते शनिवारवाड्याच्या आज्ञेने राहिलं. इंग्रजांच्या छावणीतलं सेंट मेरीज १८२५ चं, तेहतीस वर्षांनी धाकटं. शाळेत मुलांना पेशवाई शिकवताना मी हे आवर्जून सांगते.

चर्चच्या इमारतीविषयी एक गैरसमज मला दूर करायचा आहे. इमारत ही ख्रिस्ती उपासनेची अट नाही. पहिल्या तीन शतकांत ख्रिस्ती लोक मुख्यतः घरांतच जमत. सिरियात युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोस या गावात तिसऱ्या शतकातलं असं एक घर उत्खननात सापडलं. राहत्या घराच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेसाठी मोठी खोली केलेली आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचं टाकं. बाहेरून ते गल्लीतल्या इतर घरांसारखंच. ‘प्रेषितांची कृत्ये’ मध्ये फिलिप्पै गावात पौल शब्बाथ दिवशी वेशीबाहेर नदीकाठी जातो, कारण तिथे प्रार्थनेला बायका जमत. जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया त्याला तिथेच भेटते, आणि पुढे तिचं घर हीच तिथल्या मंडळीची जमण्याची जागा होते. वेशीबाहेर, नदीकाठी, बायका. कानंदीच्या काठी धुणं धुणाऱ्या बायका पाहते तेव्हा मला हे आठवतं. मंडळी या शब्दाचा अर्थही मराठीत मुळात माणसांचा आहे. ‘मंडळी आली का?’ असं आपण विचारतो, तेव्हा दगडविटा आल्या का असं विचारत नसतो.

नगरकडच्या खेड्यांत पहिली उपासनागृहं पुष्कळदा मिशनच्या शाळाच होत्या. सोमवार ते शनिवार पाढे आणि बाराखडी, रविवारी त्याच जमिनीवर उपासना, मास्तर तेच, फळाही तोच. गावच्या देवळाचं दार ज्यांना बंद होतं, त्यांना मातीच्या भिंतींची ती एक खोली काय वाटली असेल, हे नीट लिहिणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. माझ्या पणजीला लिहिता येत नव्हतं. ती फक्त सांगायची की तिथे तिला आत बसवलं, आणि ‘आत’ हा शब्द ती दोनदा उच्चारायची.

उपासना रस्त्यावरही आली. मुक्तिफौजेचे, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचे, लोक १८८२ मध्ये मुंबईला उतरले ते ढोल-कर्णे घेऊनच. मिरवणूक काढून भर रस्त्यात गायल्याबद्दल त्यांना पकडलंही गेलं. मैदानातल्या उपासनेचं सर्वांत मोठं रूप आज पाहायचं असेल तर सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला जावं. मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मरिया हिच्या, यात्रेला माणसं दूरदूरहून येतात, कित्येक पायी येतात, आणि त्यांत ख्रिस्ती नसलेलीही पुष्कळ असतात. वारीच्या मुलखातली माणसं देवाकडे चालत जाणारच. केडगावच्या मुक्ती मिशनची गोष्ट आणखी निराळी. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींच्या प्रार्थनांना १९०५ मध्ये असा भर आला की त्याची बातमी जगभर गेली. तिथे कुणी वेळ ठरवलेली नव्हती.

भाषा ही देखील एक जागाच आहे, असं मला वाटतं. कॅथलिक देवळात मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, पण फादर थॉमस स्टीफन्स यांचं १६१६ मध्ये छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ रविवारी आणि सणांच्या दिवशी गोव्याकडच्या देवळांतून वाचलं जाई. समोर वेदीवर जे चाललं आहे ते कळत नाही, पण ओवी कळते. त्या ओवीत बसायला माणसाला ऐसपैस जागा मिळत असली पाहिजे. मिस्साच मराठीत ऐकायला मिळायला १९६२ ते १९६५ ची दुसरी व्हॅटिकन परिषद व्हावी लागली. साडेतीनशे वर्षं वाट पाहिली म्हणायची.

वर्षाच्या चक्राविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडंच. पंचांग पाहणाऱ्या मराठी वाचकाला ईस्टरचा हिशेब अवघड जाऊ नये. मार्चची एकवीस तारीख किंवा तिच्यानंतरची पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यात फिरत राहतो. २०२४ मध्ये होळीची पौर्णिमा धरली गेली आणि ईस्टर ३१ मार्चला आला. २०२५ मध्ये हनुमान जयंतीची पौर्णिमा धरली गेली आणि ईस्टर २० एप्रिलला. त्याच्या आधीचे चाळीस दिवस उपवासकाळाचे, मधले रविवार सोडून. त्यांचा आरंभ राखेच्या बुधवारी. शेवटच्या आठवड्यात झावळ्यांचा रविवार, प्रभुभोजनाचा गुरुवार आणि मग उत्तम शुक्रवार. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन अशी उपासना चालते, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं होतात. ऐन उन्हाळा, पंखे गरम हवा फिरवत असतात, आणि कुणी उठून जात नाही.

ईस्टरची पहाट मला सर्वांत जवळची. पुष्कळ मराठी मंडळ्या अंधारातच प्रभातफेरी काढतात, काही ठिकाणी स्मशानभूमीत कबरींपाशी जाऊन गातात. उजाडता उजाडता स्मशानात आनंदाचं गाणं म्हणायचं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतं. कार्तिकात काकड्याला उठणाऱ्या माणसाला मात्र पहाटेच्या गाण्याचं वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या सासऱ्यांच्या कबरीपाशी आम्ही असेच गायलो होतो. थंडी नव्हती, तरी सासूबाई शाल घेऊन आल्या होत्या. ती त्यांची नव्हे, सासऱ्यांची होती.

भात निघाल्यावरचा कापणीचा सण मात्र पंचांगातला नाही, रानातला आहे. ज्या मंडळीचं जे पीक, त्याच्या बेताने तो ठरतो. नगरकडे ज्वारी-बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, जिवंत कोंबड्या, सगळं वेदीपुढे मांडलं जातं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एकाच लिंबाला माणसं शंभर-शंभर रुपये बोलतात आणि पुन्हा तेच लिंबू मंडळीला परत देतात. पहिल्यांदा वेल्ह्याहून मी पिशवीभर इंद्रायणी तांदूळ नेला तेव्हा तो वेदीपुढे ठेवताना आख्ख्या खोऱ्याचा पाऊस माझ्या हातात आहे असं वाटलं. तो तांदूळ आजींच्या खाचरातला होता. “तुमच्या देवाला आमचा भात चालंल का?” असं त्यांनी आधी विचारून घेतलं होतं.

पुढच्या प्रकरणांत गावं आणि उपासनागृहं येतील. भोरहून मांढरदेवीचा घाट उतरला की लागणारी वाई आणि तिथलं मिशन, सातारा, नगरची खेडी, वसई, केडगाव, पुण्याच्या पेठा आणि लष्कर. उपासनेच्या वेळा मी जिथे दिल्या आहेत तिथे त्या का पडल्या हे सांगायचा प्रयत्न केला आहे. आजची वेळ मात्र वाचकाने दारावरच्या फळ्यावरच पाहावी, कारण परीक्षा, पाऊस, पाणीटंचाई, पाळकांची बदली, कशानेही ती हलते. बाहेरून येणाऱ्या माणसाला आत बसता येतं का, असंही मला विचारलं जातं. येतं. मागच्या बाकावर बसावं, सगळे उठले की उठावं, गाणं आलं तर म्हणावं. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मात्र त्या त्या पंथाच्या नियमाप्रमाणे दिला जातो. तेव्हा हात पुढे न करता बसून राहिलं तर कुणी वावगं मानत नाही.

नाताळच्या रात्रीविषयी लिहून थांबते. २४ डिसेंबरची उपासना मध्यरात्री संपते. केक वाटला जातो, मुलं एकमेकांच्या अंगावर झोपलेली असतात, आणि वेल्ह्याकडे जाणारी एसटी त्या वेळी नसते. पहिल्या वर्षी आम्ही स्वारगेटला जाऊन बसायच्या तयारीत होतो. मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला थांबवलं, चर्चच्या मागच्या खोलीचं कुलूप काढलं आणि कोपऱ्यातल्या सतरंज्या दाखवल्या. खोलीत आधीच दोन कुटुंबं निजली होती, एक मुळशीकडचं आणि एक दौंडकडचं. पहाटे पाचला त्याच बाईंनी चहाचं पातेलं आणून ठेवलं आणि विचारलं, “तुमची पहिली गाडी कितीची?”

वेल्हे